नखाला लागलेली खाच

गेल्या आषाढात गगनबावड्याहून परत आलो, गाडी अंगणात लावली आणि सकाळी फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसला. डाग पुढच्या चाकाखाली होता. इंजिन गळलं तर मधे गळतं, चेनचं तेल मागं उडतं. पुढं तेल येण्याचं ठिकाण एकच. बोट लावत खालून वर गेलो. ॲक्सलच्या नटावर ओल, ब्रेकच्या कॅलिपरच्या कडेला ओल, त्याच्या वर ॲल्युमिनियमच्या नळकांड्यावर लांबट ओघळ आणि अगदी वर, आरशासारख्या चकाकणाऱ्या पाइपावर तेलाचं काळपट कडं. उजव्या शॉकअपचं ऑइल सील गेलं होतं. वर्षात तिसऱ्यांदा.

पुस्तकात याला टेलिस्कोपिक फोर्क म्हणतात. गॅरेजात कुणी तसं म्हणत नाही. तिथं तो पुढचा शॉकअप. हँडलच्या खाली आवळून बसवलेला असतो तो पाइप, त्या पाइपावर चाकासकट खालीवर सरकतो तो बॉटम, आणि दोन्ही पाइपांना धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या त्या टी. हेच शब्द मी वापरणार आहे, कारण ज्यांच्याकडून हे काम शिकलो ते असंच बोलतात.

आधीची दोन सील मी दोन वेगवेगळ्या गॅरेजांतून बदलून घेतली होती. पहिलं पाच महिने टिकलं, दुसरं सात आठवडे. दोन्ही वेळा मी बाकड्यावर बसून बघत होतो. चाक काढलं, शॉकअप उतरवला, जुनं सील पेचकसानं उचकटलं, नवं ठोकलं, तेल ओतलं. तासाभरात गाडी हातात. दुसऱ्या वेळी गॅरेजवाल्यानं रस्त्याला दोष दिला आणि मी सीलच्या दर्जाला. दोघंही चुकलो होतो. त्या तासाभरात पाइपाकडं कुणी बघितलंच नव्हतं.

हे मला कळलं ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: शहराच्या मधोमध लेथ, ड्रिल, ग्राइंडर आणि वेल्डिंगचे दिवे यांनी भरलेल्या गल्ल्या आहेत. शेतीच्या ऑइल इंजिनाचे भाग इथं पिढ्यान्‌पिढ्या झाले, ओतकाम इथं रुजलं, आणि मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कारखाने गेले तरी एक-दोन माणसांची वर्कशॉप इथंच राहिली. अशाच एका गाळ्यात सत्तरीच्या पुढचे एक मिस्त्री बसतात. गाडी स्टँडला लावून मी सील बदलायचं म्हणालो.

“किती येळा बदललासा?” त्यांनी विचारलं.

“दोनदा. वर्षात.”

“आनि पाइपाला नख लावून बघितलं का कुनी?”

मी गप्प. ते स्टुलावरून उठले, पाइपावरचं तेल फडक्यानं पुसलं आणि उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख पाइपावर वरून खाली हळूहळू ओढत आणलं. मग थोडं फिरवून पुन्हा. तिसऱ्या ओढीला, सीलच्या वर चार बोटांवर, नख अडलं. बारीक आवाज झाला. “हितं,” ते म्हणाले. “बगा पावनं, हे तुमचं सील खातंय.”

मी वाकून बघितलं तरी आधी काही दिसेना. मग उजेड तिरपा पडला तेव्हा दिसलं: मोहरीच्या निम्म्याएवढा तांबूस ठिपका. क्रोमला तिथं गंजानं भोक पाडलं होतं आणि भोकाची कड धारदार झाली होती. गाडी खड्ड्यात गेली की बॉटम वर सरकतो आणि सील त्या कडेवरून घासून जातं. गगनबावडा ते कोल्हापूर साधारण 55 किलोमीटर. त्यात किती खड्डे, किती गतिरोधक, किती उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून केलेल्या चाकोऱ्या, ते मोजायला नको. प्रत्येक वेळी रबराचा एक कण जात होता.

मग त्यांनी कोपऱ्यातल्या डब्यातून एक जुनं सील काढलं, पक्कडमध्ये धरलं आणि हॅकसॉनं उभं कापून माझ्या तळहातावर ठेवलं. मी दोन वेळा पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू तेव्हा पहिल्यांदा आतून बघितली. बाहेरच्या रबराखाली लोखंडी कडं असतं, ते सीलला बॉटममध्ये घट्ट धरून ठेवतं. आतल्या बाजूला रबराचा ओठ असतो, कडेला जवळजवळ सुरीसारखा पातळ. आणि त्या ओठाच्या पाठीमागं एका खोबणीत बारीक स्प्रिंगचं कडं बसवलेलं असतं, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवलेली, मुलीच्या हातातल्या बांगडीसारखं गोल. ही स्प्रिंग ओठाला सगळ्या बाजूंनी सारखं पाइपावर दाबून धरते. रबर असतं नायट्राइलचं, तेलात न फुगणारं. पण वर्षं गेली की तेही कडक होतं, आणि कडक ओठ पाइपाचा आकार धरत नाही.

एक गोष्ट मला त्यांच्याकडून नव्यानं समजली. चांगलं सीलसुद्धा पाइप कोरडाठाक पुसत नाही. डोळ्याला जेमतेम दिसेल असा तेलाचा पापुद्रा मागं राहतो आणि त्याच पापुद्र्यावरून ओठ सरकतो. तो नसता तर रबर दोन दिवसांत जळून गेलं असतं. म्हणून पाइपावर नुसती तुकतुकी दिसली तर घाबरायचं कारण नाही. कडं दिसलं, त्यावर धूळ चिकटली किंवा ओघळ खाली उतरला, तर सील गेलं.

सील गळून काय बिघडतं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. गाडी चालतेच की. चालते, हे खरं. पण पुढच्या शॉकअपमध्ये नुसती स्प्रिंग नसते. स्प्रिंगला धक्का झेलता येतो, जिरवता येत नाही. जेवढ्या जोरानं दबते तेवढ्याच जोरानं ती उलटते. धक्का जिरवतं ते तेल. पाइपाच्या आत भोकं पाडलेला एक रॉड असतो. चाक वर आलं की तेल त्या भोकांतून रेटलं जातं आणि चाक परत खाली जाताना आणखी अडचणीच्या वाटेनं परततं. या रेटारेटीत धक्क्याची ताकद तेलाच्या उष्णतेत मोडते. तेल कमी झालं की गाडीचं तोंड ब्रेक मारताना भसकन खाली जातं आणि खड्ड्यानंतर दोन-तीनदा हिंदकळतं. करूळ घाटाच्या वळणावर असं हिंदकळणं मी अनुभवलंय. पुढचं चाक रस्ता सोडतंय की काय असं वाटतं, आणि क्षणभर ते खरंच सोडत असतं.

याहून वाईट म्हणजे तेल जातं कुठं ते. बॉटमवरून ओघळ सरळ खाली येतो आणि डिस्क ब्रेकच्या गाडीत तिथंच कॅलिपर बसलेला असतो. ब्रेकचे पॅड एकदा तेल प्यायले की ते धुऊन, घासून, गॅसवर भाजून पूर्वीसारखे होत नाहीत. ते टाकायचेच. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरनं पुसून वापरता येते. माझ्या गाडीचे पॅड कडेला भिजले होते. दीडेकशे मिलिलिटर तेलातलं चमचाभर जरी पॅडवर गेलं तरी पावसाळी उतारावर काय होईल, या विचारानं मी त्या सकाळी गाडी उद्यमनगरापर्यंत फक्त मागच्या ब्रेकवर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये नेली होती.

हा पाइप-बॉटमचा प्रकार तसा फार जुना नाही. आधी मोटारसायकलींचं पुढचं चाक पट्ट्यांच्या सांगाड्यात अडकवून वर एक उघडी स्प्रिंग लावत. तेलानं धक्का जिरवणारा टेलिस्कोपिक फोर्क विकायच्या गाडीवर आणला बीएमडब्ल्यूनं, 1935 मध्ये, आर 12 आणि आर 17 या मॉडेलांवर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या मॅचलेस जी 3 एलवर तो 1941 मध्ये आला आणि युद्धानंतर सगळ्यांनीच उचलला. आपल्याकडं 1955 पासून मद्रासला बुलेट जुळायला लागली, तिच्या पुढच्या बाजूला हाच प्रकार होता. महाराष्ट्रात मात्र पुढची कित्येक वर्षं घराघरात स्कूटर होती. 1972 मध्ये आलेल्या बजाज चेतकचं पुढचं चाक एका बाजूच्या लिंकवर आणि एकाच शॉकअपवर असायचं. माझ्या वडिलांची चेतक होती. तिचं काय काय गेलं ते मला पाठ आहे, पण अशी दोन पाइपांची सील हा प्रश्न आमच्या घरात तेव्हा नव्हता. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली, 2001 मध्ये पल्सर आली, आणि गावोगावच्या गॅरेजांत पुढच्या शॉकअपची सील टांगलेली दिसू लागली.

आणि हे शॉकअप आपल्याच राज्यात होतात, हे फार लोकांना ठाऊक नसतं. शॉकअपच्या धंद्यातलं गॅब्रिएल हे नाव 1961 साली मुंबईत मुलुंडला सुरू झालं. नाशिकच्या अंबडलाही त्यांचा कारखाना आहे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच्या आगेमागे तिथंच एन्ड्युरन्स वाढली आणि आज मोटारसायकलींचे पुढचे फोर्क करणाऱ्या देशातल्या मोठ्या कंपन्यांत ती मोडते. म्हणजे पाइप मराठवाड्यात तासला जातो, घाटावर गंजतो आणि कोकणच्या तांबड्या चिखलात घासतो.

घासतो हा शब्द मी जपून वापरतोय. पाइपावरचं क्रोम खूप कठीण असतं, पण पातळ असतं. चिखल उडून त्यावर वाळला, आणि वाळलेल्या चिखलासकट गाडी चालवली, की सीलच्या वर बसवलेलं डस्ट सील तो खरवडतं. सगळा खरवडला जात नाही. थोडा आत जातो आणि आतल्या ओठाखाली अडकतो. मग तो वाळूचा कण सीलसोबत खालीवर फिरत पाइपाला रेघा पाडतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांतून डांबरी रस्त्यावर शेताची माती येते, वळवाच्या पहिल्या सरीत तिचा लगदा होतो. कळे ते साळवण हा पट्टा तर मी डोळे मिटून सांगेन कुठं किती उडतो. जुन्या बुलेटच्या पाइपांना वरून पत्र्याचं आवरण असायचं. पुढं उघडे, चकाकते पाइप ही शोभा झाली आणि आवरण गेलं. माझ्या मते ही मोठी चूक झाली. 2016 मध्ये आलेल्या रॉयल एनफील्ड हिमालयनला रबरी घड्यांचे बूट दिले होते. आपल्या रस्त्यांवरच्या प्रत्येक गाडीला ते हवेत. फक्त बूट फाटला तर लगेच बदलायचा, नाहीतर चिखलाचं पाणी त्यातच साचून राहतं आणि नको तो गंज आतल्या आत वाढतो.

मिस्त्रींनी शॉकअप उघडून द्यायची तयारी दाखवली होती. मीच म्हणालो, घरी करतो, मला शिकवा. त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि वहीच्या कागदावर चित्र काढायला सुरुवात केली. तो कागद अजून माझ्याकडं आहे, तेलानं पारदर्शक झालेला.

स्पेअरच्या दुकानात सील मागताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. मॉडेलच्या वर्षानुसार पाइपाची जाडी बदलते. सीलवरच तीन आकडे असतात. 31, 43, 10.3 असं लिहिलेलं असलं तर पाइपाचा व्यास 31 मिलिमीटर, सील ज्यात बसतं त्या खोबणीचा 43 आणि सीलची उंची 10.3. माझा आकार हाच होता. जुन्या सीलवरून आकडे वाचून मी दोन सील, दोन डस्ट सील, दोन कॉपर वॉशर, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइल आणि ब्रेक पॅड घेतले. डावा शॉकअप कोरडा होता, तरी दोन्ही बाजूंचं काम एकदमच करायचं असतं. एका पायात नवं दाट तेल आणि दुसऱ्यात तीन वर्षांचं पातळ पाणी असेल तर गाडी सरळ बसत नाही.

रविवारी सकाळी पुतण्याला मदतीला घेतलं. तो अकरावीत आहे, आणि पाने योग्य हातात योग्य वेळी देण्याची अक्कल त्याला उपजत आहे. मेन स्टँडवर गाडी, इंजिनाखाली लाकडी ठोकळा, मागच्या सीटवर वाळूचं पोतं; पुढचं चाक जमिनीपासून वीतभर वर. चाक काढायच्या आधी वरच्या टीचा बोल्ट सैल करून पाइपाचं वरचं टोपण अर्ध्या आट्यानं हलवून ठेवलं. पाइप टीमध्ये आवळलेला असताना हे टोपण सैल होतं, हातात घेतल्यावर ते हलता हलत नाही. कॅलिपर काढला तो सुतळीनं हँडलला बांधून ठेवला, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू दिला नाही, आणि दोन पॅडच्या मधे पुठ्ठ्याची घडी सरकवली. “ब्रेकच्या लिव्हरला हात लावायचा नाही,” मी पुतण्याला दोनदा बजावलं. डिस्क मधे नसताना लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येतात आणि मग एका कामाची दोन होतात.

चाक निघालं, मडगार्ड निघालं. आता बॉटमच्या बुडातला ॲलन बोल्ट. तो खोल भोकात असतो आणि आतल्या रॉडला धरून ठेवतो. स्प्रिंगचा दाब रॉडवर आहे तोवर तो सुटायची शक्यता जास्त, म्हणून शॉकअप अजून गाडीलाच. डाव्या बाजूचा एका हिसक्यात सुटला. उजव्या बाजूचा नुसताच फिरत राहिला; आतला रॉडच सोबत फिरत होता. इथं मिस्त्रींनी सांगितलेला उपाय उपयोगी पडला. शॉकअप उतरवला, टोपण तळहातानं दाबत काढलं (खाली स्प्रिंग दबलेली असते, चेहरा बाजूला ठेवायचा), स्प्रिंग काढली, आणि झाडूच्या लाकडी दांड्याचं टोक सुरीनं निमुळतं करून पाइपातून आत रॉडच्या तोंडात ठोकलं. दांड्यानं रॉड घट्ट धरला, पुतण्यानं दांडा धरला, मी खालून बोल्ट सोडला.

तेल बादलीत पडलं तेव्हा आम्ही दोघंही मागं सरलो. नवं ऑइल मधासारखं असतं. हे राखाडी होतं, ओल्या सिमेंटच्या रंगाचं, आणि त्याला कुजक्या माशाचा वास होता. बोटांत चोळल्यावर बारीक कण लागले. ते कण ॲल्युमिनियमचे होते, माझ्याच बॉटमचे. हे तेल नाल्यात ओतायचं नाही. मी ते कॅनमध्ये भरून गॅरेजात दिलं. जळकं तेल गोळा करणारे तिथून घेऊन जातात.

पाइप ओढून काढला की सील बॉटममध्ये मागं राहतं. आधी सर्क्लिप काढायची. मग ओल्या फडक्याची घडी बॉटमच्या कडेवर ठेवून त्यावर टेकवलेल्या टायर लिव्हरनं सील थोडं थोडं, फिरत फिरत उचलायचं. याच ठिकाणी घाई झाली की पेचकस आत घसरतो आणि जिथं सील बसणार त्या ॲल्युमिनियमच्या भिंतीला ओरखडा पडतो. माझ्या उजव्या बॉटममध्ये असा एक ओरखडा आधीच होता, कुणाच्या तरी घाईचा. तो उथळ होता म्हणून निभावलं.

मग खरं काम सुरू झालं. आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत ते कुणी केलंच नव्हतं. पाइप रॉकेलनं धुतला, पुसला, आणि आरशाच्या जाड काचेवर घरंगळत नेला. वाकलेला असता तर पाइपाखाली फट उघडझाप करत दिसली असती. ती दिसली नाही. तरी दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून घेतला. काटा जेमतेम हलला. गंजाची खाच एकच होती. दोन-तीन असत्या आणि पसरलेल्या असत्या तर नवा पाइप घ्यायचा किंवा जुन्याला हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यायचा, असं मिस्त्री म्हणाले होते. एकीसाठी त्यांनी दुसरी वाट दिली. आधी तेलदगडाच्या कोपऱ्यानं खाचेची उभी राहिलेली कड मारली. थिनरनं गंज आणि तेल साफ केलं. मग दोन ट्यूबचं अरल्डाइट सुईच्या टोकानं खाचेत भरलं, थोडं वर उचलून. एक दिवस तसंच ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी पॉलिश पेपर तेलात भिजवून, आधी 800 नंबर, मग 1500, मग 2000. पेपर पाइपाभोवती आडवा फिरवायचा, लांबीच्या दिशेनं कधीच नाही. उभी रेघ म्हणजे तेलाला बाहेर यायला केलेला पाटच. तासाभरानं पुतण्यानं नख ओढलं. मग मी ओढलं. मग पुन्हा त्यानं डोळे मिटून ओढलं. नख कुठं अडलं नाही.

जोडणी ही उतरवणीची उलट बाजू आहे असं लोक म्हणतात. तसं नाही, जोडताना जास्त काळजी लागते. रॉड आणि पाइप बॉटममध्ये बसवून खालचा ॲलन बोल्ट नव्या कॉपर वॉशरसह, आट्यांवर थ्रेड लॉकचा थेंब लावून आवळला. पाइपाच्या वरच्या टोकावर प्लास्टिकची पातळ पिशवी घातली, तिच्यावर फोर्क ऑइल चोळलं, आणि त्या पिशवीवरून सील खाली सरकवलं. पाइपाच्या धारदार कडेनं नवा ओठ पहिल्याच मिनिटाला कापला जाऊ नये म्हणून. आकडे लिहिलेली बाजू वर, स्प्रिंगची बाजू खाली तेलाकडं. आता ते सरळ ठोकून बसवायला पाइपावरून जाईल असं नळकांडं हवं. बाजारात याचं खास साधन मिळतं. माझ्याकडं शेतावरचा 40 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप होता. त्याचा बाहेरचा व्यास 40, म्हणजे 43 च्या खोबणीत जातो. आतला साधारण 36, म्हणजे 31 च्या पाइपावरून मोकळा सरकतो. फूटभर तुकडा कापला, कड घासून सपाट केली, आणि त्यानं सीलवर हलके हलके ठोके दिले. सुरुवातीला आवाज पोकळ येत होता, मग सील तळाला टेकलं तसा एकदम भरीव झाला. कानाला कळतं. वर सर्क्लिपची खोबण गोलाकार पूर्ण दिसली तेव्हाच सर्क्लिप घातली.

तेल मापानंच ओतायचं. “थोडं जास्त घाला, कडक राहील” हे मी कितीदा तरी ऐकलंय. पाइपात तेलाच्या वर हवा असते आणि शॉकअप दबला की ती हवाही दबते. तेल जास्त तर हवेला जागा कमी, जागा कमी तर दाब जास्त, आणि तो दाब बाहेर पडायला वाट शोधतो ती सीलमधूनच. पुस्तकातलं माप इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजनं भरलं, पाइप दहा-बारा वेळा हळू खालीवर करून आतली हवा काढली, मग पाइप पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, वरच्या कडेपासून तेलापर्यंतची खोली पट्टीनं मोजली. दोन्ही पाय सारखे येईपर्यंत.

शेवटचं एक मिस्त्रींनी कागदावर दोन रेघा मारून ठळक केलं होतं. दोन्ही पाइप टीमध्ये सारख्या उंचीवर. ॲक्सल आणि मडगार्डचे बोल्ट आधी फक्त अंगाला लागतील इतकेच, मग गाडी खाली घेऊन पुढून चार-पाच वेळा दाबायची, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या सरळ रेषेत येतात, आणि मग पक्के आवळायचे. नाहीतर दोन पाय एकमेकांवर जोर लावत सरकतात आणि सील एका बाजूनं झिजतं. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकची लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहायची. नवे पॅड घातल्यावर पहिला दाब रिकामा जातो. तो फाटकाबाहेर जाऊ नये.

अपसाइड डाउन फोर्कच्या गाड्या आता गावातही दिसतात. 2012 मध्ये चाकणला जुळलेली केटीएम ड्यूक 200 आली तेव्हापासून पोरांना त्याचंच वेड. त्यात पाइप खाली, सील खाली, आणि गळलं तर तेल ब्रेकशेजारीच. आतली जोडणीही वेगळी असते. ते अंगणातल्या झाडूच्या दांड्यावर करायचं काम नाही.

माझ्या गाडीनं मधल्या काळात एक पावसाळा काढला. गाडी धुताना पाइप ओल्या फडक्यानं वेगळा पुसायचा, एवढी एक सवय लागली. मग या श्रावणात आमच्या गल्लीत दूध घालणारे दादा एका सकाळी थांबले. त्यांच्या गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन, डाव्या बॉटमवर तेलाचा ओघळ. “सील गेलंय म्हणं,” ते म्हणाले. “आज टाकतोय.”

मी वाकलो आणि पाइप पुसून नख लावलं. वरून खाली, चारी बाजूंनी. नख कुठंच अडलं नाही. पाइप चांगला होता. अशा वेळी सील गेलेलं असेलच असं नसतं. ओठाखाली मातीचा कण अडकून तो ओठ उचलला गेला असला तरी तेल येतं. मिस्त्रींनी त्यासाठी सांगितलेली वस्तू मी आतून आणायला गेलो. जुन्या कॅमेऱ्याची 35 मिलिमीटरची निगेटिव्ह: पातळ, गुळगुळीत, चिवट, आणि लोखंडासारखी ओरखडे न पाडणारी. आईनं कपाटातून पाकीट काढून दिलं. तिच्या आणि वडिलांच्या लग्नाचे फोटो. पट्टीच्या टोकाचा तुकडा तिनंच कात्रीनं कापला, “ह्यात काही नाहीय” म्हणत.

डस्ट सील वर सरकवलं. फिल्मच्या कडेला आकड्यासारखी खाच पाडली, तेलात बुडवली, आणि सीलच्या ओठाखाली हळूच सारून पाइपाभोवती एक फेरी मारून बाहेर ओढली. फिल्मच्या आकड्यात तांबडी माती आली, नखाच्या कडेएवढी चंद्रकोर. दुसऱ्या फेरीला थोडी. तिसऱ्याला फक्त तेल. पाइप पुसून त्यांना गाडी पुढून दहा-बारा वेळा दाबायला लावली. कॅन खडखडले. पाइपावर नुसती तुकतुकी आली, कडं आलं नाही.

दादांनी ती पट्टी माझ्या हातातून घेतली आणि उजेडाकडं धरली. मातीच्या पलीकडं, कापलेल्या कडेला, मांडवाचा एक खांब दिसत होता.